सेन्सरी रूम राहू द्या, आधी छत परत द्या

हल्ली ऑफिसच्या ब्रीफमध्ये एक नवीन ओळ दिसायला लागलीये. आधी कसं असायचं, इतकी वर्कस्टेशन्स, इतक्या केबिन्स, मीटिंग रूम्स, सर्व्हर रूम, पॅन्ट्री, आणि शेवटी "कुठेतरी एक मदर्स रूम बसवा मॅडम". आता त्याच्याखाली "सेन्सरी रूम - १ नग", म्हणजे आवाज-उजेडाचा त्रास होणाऱ्यांनी थोडा वेळ शांत बसायची खोली. नग हं! एचआरच्या डायव्हर्सिटीवाल्या टीमकडून ती ओळ आलेली असते, हेतू चांगला असतो त्याबद्दल वादच नाही. पण मी पुण्यात ऑफिस इंटिरिअरचं काम करते, हिंजवडी, बाणेर, खराडी याच पट्ट्यात बरंचसं, आणि या नगाचं पुढे काय होतं ते बघत आलेय. हँडओव्हरच्या दिवशी आत बीन बॅग असते, निळा दिवा असतो, बुडबुडे सोडणारा एक काचेचा खांब असतो, दारावर छान स्टिकर. मग काही महिन्यांनी स्नॅग, म्हणजे राहिलेल्या दुरुस्त्या, बघायला जावं तर आत दिवाळीच्या डेकोरेशनचे खोके, मागच्या टाउनहॉलचे स्टँडी, आणि बीन बॅगवर कुणीतरी क्लायंट कॉल घेतंय कारण बाकी सगळ्या मीटिंग रूम बुक आहेत. ज्याच्यासाठी केली तो माणूस तिथे जातच नाही, कारण त्या दारातून आत जायचं म्हणजे अख्ख्या फ्लोअरला सांगायचं की बघा बुवा, मला काहीतरी आहे.

माझं म्हणणं साधं आहे. खोली करा, हवी तर दोन करा, पण लोक नऊ तास बसतात ते फ्लोअरवर. तो फ्लोअर जर त्रासदायक असेल तर खोली म्हणजे फक्त पळून जायची जागा झाली. आणि फ्लोअर त्रासदायक का होतो याची कारणं फार गूढ नाहीयेत हो, बरीचशी आमच्याच धंद्याने गेल्या काही वर्षांत स्वतःच्या हाताने करून ठेवलीयेत.

त्याआधी थोडक्यात, कुणाबद्दल बोलतोय ते. ऑटिझम, एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाणं), डिस्लेक्सिया (वाचन-लेखन अवघड जाणं), डिस्प्रॅक्सिया (हालचालींचा ताळमेळ अवघड जाणं), टूरेट (आपोआप होणाऱ्या हालचाली, आवाज) हे सगळं न्यूरोडायव्हर्स या एका छत्रीखाली येतं, आणि यातल्या बऱ्याच जणांचा आवाज, उजेड, वास, स्पर्श यांच्याशी असलेला हिशोब आपल्यापेक्षा वेगळा असतो. ऑटिझमच्या बाबतीत तर २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसोपचाराच्या अमेरिकन निदान-पुस्तकात, हे निदानाच्या निकषांतच घातलंय. आपण नवीन जागी गेलो की एसीचा घूं आवाज पहिली पाच-दहा मिनिटं ऐकू येतो, मग मेंदू तो बाजूला टाकतो. काही लोकांचा मेंदू तो बाजूला टाकत नाही किंवा फार सावकाश टाकतो, म्हणजे संध्याकाळी सहालासुद्धा तो एसी तितकाच ताजा. आणि सगळ्यांना जास्तच जाणवतं असंही नाही, काहींना उलट कमी जाणवतं, त्यांना हालचाल लागते, हातात काहीतरी चाळा लागतो, खुर्ची हलवावी लागते, गाणी कानात असल्याशिवाय काम होत नाही. एकाच माणसाला आवाज नकोसा आणि हालचाल हवीहवीशी, असंही असतं. त्यामुळे "न्यूरोडायव्हर्स लोकांना शांत, फिक्या रंगाची जागा आवडते" असं एक वाक्य लिहून मोकळं होता येत नाही, पिंटरेस्टवर तसंच लिहिलेलं असलं तरी.

एका क्लायंटकडे टेस्टिंगला एक मुलगी होती, ऑटिस्टिक, स्वतःहून सांगितलेलं असल्यामुळे एचआरने आमची गाठ घालून दिली. मी माझी नेहमीची प्रश्नावली घेऊन गेले, लाइट कसा वाटतो, आवाज कसा वाटतो वगैरे. ती म्हणाली, "ताई, तुम्ही एकेक विचारताय ना, पण ते एकेक येत नाही. सकाळी लाइट चालतो. दुपारी मागून लोक जायला लागतात, मग पॅन्ट्रीतून वास येतो, मग शेजारी कॉल सुरू होतो, आणि चार वाजता कुणी पेन जरी टिकटिक केलं तरी मला रडू येतं, आणि मग सगळ्यांना वाटतं की पेनमुळे रडली." मला वाटतं आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने हे ऐकायला पाहिजे. पेन काही कुणी बंद करू शकत नाही, पण त्याआधीचे चारपैकी तीन तरी आपल्या ड्रॉइंगमध्ये असतात.

आता छताकडे येते, कारण माझा खरा राग तिथे आहे.

पूर्वीची ऑफिसं आठवा. दोन फूट बाय दोन फुटांच्या पांढऱ्या टाइल्सचं ग्रिड सीलिंग, बारीक भोकं पडलेलं, कुठेतरी पाणी गळून पिवळा डाग. दिसायला कंटाळवाणं, मान्य. पण त्या मिनरल फायबरच्या टाइल्स आवाज पितात. मग फॅशन आली ओपन सीलिंगची, डक्ट-पाइप-केबल ट्रे सगळं उघडं आणि वरती काळा किंवा राखाडी रंग मारायचा, इंडस्ट्रियल लुक. सीलिंगचा खर्च वाचला, उंची वाढल्यासारखी वाटली, स्टार्टअपवाल्यांना आवडलं, मग बँकांनासुद्धा आवडलं. फक्त त्या मजल्यावर आवाज पिणारी जी सगळ्यात मोठी गोष्ट होती ती गेली. त्यात खाली कार्पेटऐवजी पॉलिश्ड काँक्रीट किंवा व्हिट्रिफाइड टाइल, बाजूला काच.

आकडेमोड करून दाखवते, सोपी आहे. वॉलेस सॅबाइन नावाच्या अमेरिकन प्रोफेसरचं सव्वाशे वर्षांपूर्वीचं सूत्र आजही आम्ही वापरतो, जागेचं घनमान गुणिले ०.१६१ भागिले एकूण शोषण. समजा ३० मीटर बाय १५ मीटरचा हॉल, उंची ३.६ मीटर. घनमान आलं १६२० घनमीटर, भिंती-छत-जमीन मिळून पृष्ठभाग १२२४ चौरस मीटर. सगळं कडक मटेरियल, सरासरी शोषण ०.१ धरलं (म्हणजे आदळलेल्या आवाजाचा दहावा भाग पिणारं) तर आवाज पूर्ण विरायला २ सेकंदांच्या वर लागतात. त्याच हॉलला फक्त छत बदला, ०.७ शोषणाच्या टाइल्स लावा, बाकी काहीच नको, तर तेच येतं ०.६६ सेकंदावर. टेबलं, माणसं, पार्टिशन आली की दोन्ही आकडे अजून खाली येतील, पण फरक कुठे आहे ते दिसलं ना. एका छतात. दोन सेकंद म्हणजे काय तर मंगल कार्यालय. प्रत्येक जण स्वतःचं ऐकू यावं म्हणून जरा मोठ्याने बोलतो, मग शेजारचा अजून मोठ्याने.

आणि हे माहीत असूनही होतं बरं का. ड्रॉइंगमध्ये आम्ही अकूस्टिक बॅफल, म्हणजे छतातून टांगायचे आवाज पिणारे पट्टे, दाखवतो, फेल्टचे पॅनल दाखवतो, मग बजेटची मीटिंग होते, तिला व्हॅल्यू इंजिनिअरिंग असं भारदस्त नाव आहे, आणि बीओक्यूमधून, म्हणजे कामांच्या आणि मापांच्या यादीतून, पहिली उडणारी ओळ अकूस्टिकची असते, कारण ती फोटोत दिसत नाही. रिसेप्शनमागचा इटालियन मार्बल कधीच उडत नाही. मग उरलेल्या पैशातून कोपऱ्यात सेन्सरी रूम!

आता आवाज कमी केला म्हणजे झालं का तर तसंही नाही. लक्ष विचलित करतो तो आवाजाचा मोठेपणा कमी आणि शब्द जास्त. कुणी कुजबुजत असेल पण शब्द कळत असतील तर मेंदू ते वाचतोच, आणि ज्यांना गाळणी लावता येत नाही त्यांचं तर विचारूच नका. म्हणून ओपन ऑफिसच्या अकूस्टिक्सचं जे आयएसओ ३३८२-३ हे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे ना, त्यात नुसते डेसिबल नाही तर हेही मोजतात की बोलणाऱ्यापासून किती मीटर लांब गेलं की शब्द पुरेसे अस्पष्ट होतात, त्याला डिस्ट्रॅक्शन डिस्टन्स म्हणतात. ते अंतर जितकं कमी तितकं ऑफिस चांगलं. त्यासाठी छत पाहिजे, मधे पार्टिशन पाहिजेत, आणि मुख्य म्हणजे सेल्स आणि सपोर्टवाले, ज्यांचं कामच बोलणं आहे, त्यांना कोडिंगवाल्यांच्या मांडीवर बसवायचं नाही. या शेवटच्या गोष्टीला शून्य रुपये लागतात. तरी होत नाही, कारण "आमच्या सगळ्या टीम्स एकत्र दिसल्या पाहिजेत, कोलॅबोरेशन". त्या कोलॅबोरेशनचं काय होतं तेही सांगते, बर्नस्टीन आणि टर्बन या दोघांनी २०१८ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांत ओपन ऑफिस व्हायच्या आधी आणि नंतर लोकांच्या अंगावर सेन्सर लावून मोजलं, तर समोरासमोर बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं होतं आणि ईमेल वाढले होते. माणसं स्वतःचं दार स्वतःच तयार करतात, हेडफोनचं.

हेडफोनवरून आठवलं. "आम्ही त्यांना नॉइज कॅन्सलिंग हेडफोन देतो ना" हे उत्तर मला फार वेळा मिळालंय. द्या की, छानच आहे. पण ते तंत्र एसीच्या घरघरीसारख्या सलग आणि जड आवाजावर जोरात चालतं, माणसाच्या बोलण्यावर त्यामानाने कमी. आणि ज्याला कानावरचा दाबच सहन होत नाही त्याने काय करायचं? वर काही ठिकाणी मॅनेजर असा की कानात काही दिसलं की काम करत नाहीये.

साउंड मास्किंगबद्दलही विचारतात, म्हणजे छतातून हलका शूऽऽ असा आवाज सोडायचा म्हणजे शब्द झाकले जातात. काम करतं ते. पण काही ऑटिस्टिक लोकांना तो शूऽऽ हाच त्रास असतो, त्यामुळे पूर्ण मजल्यावर एकच सेटिंग करू नका, एखादा भाग त्याच्याशिवाय ठेवा.

लाइटचं प्रकरण जरा तांत्रिक आहे पण मजेशीर आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त व्हायची. डोळ्याला दिसत नाही, पण मेंदूपर्यंत जातं. १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये आर्नोल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी एका ऑफिसात लोकांना न कळू देता चोक बदलून बघितले, इलेक्ट्रॉनिक हाय फ्रीक्वेन्सीवाले लावले, तर डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून कमी झाला. म्हणजे हा त्रास फक्त "त्यांना" होतो असं नाहीच, सगळ्यांना होतो, त्यांना आधी आणि जास्त होतो एवढंच. एलईडी आले म्हणजे हे संपलं असं वाटलं होतं, पण एलईडीला ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारा छोटा डबा, लागतो आणि स्वस्तातला ड्रायव्हर तीच १०० हर्ट्झची धडधड परत आणतो. स्पेकमध्ये फ्लिकर-फ्री लिहिलेलं असतं, साइटवर येतो तो भलताच. तपासायला मशीन लागत नाही, मोबाइल काढा, स्लो मोशनवर ठेवा, दिव्याकडे धरून व्हिडिओ घ्या. पट्टे सरकताना दिसले किंवा उजेड धडधडताना दिसला तर समजायचं. मी कॉन्ट्रॅक्टरच्या समोरच करते हे, फार छान चेहरे होतात.

बाकी डोक्यावर थेट येणारा उघडा पॅनल, त्यातून ६५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड (आपल्याकडे पांढराशुभ्र म्हणजे स्वच्छ अशी एक समजूत आहे), पश्चिमेला पूर्ण काच आणि दुपारी साडेतीननंतर ऊन थेट मॉनिटरवर. उपाय काही नवीन नाहीत. छतातला उजेड थोडा कमी ठेवा, प्रत्येक डेस्कला मंद करता येणारा स्वतःचा दिवा द्या, ब्लाइंड कुणी खाली करायचे यावरून भांडण होऊ नये म्हणून ते बेनुसार (बे म्हणजे डेस्कचा एक गट) वेगवेगळे ओढता येतील असे द्या. स्वतःच्या हातात बटण असणं यातच निम्मं सुख आहे.

कार्पेटबद्दल एकच, बारीक काळ्या-पांढऱ्या जवळजवळच्या रेघा कुठेही नकोत. जमिनीवर नको, ग्लास फिल्मवर तर नकोच. विल्किन्सचंच काम आहे यावर, अशा रेघांनी काही लोकांना गरगरतं, डोकं धरतं. तरी कॅटलॉगमध्ये दर वर्षी येतात.

वासाचं मात्र ड्रॉइंगमध्ये कुणी धरतच नाही. पॅन्ट्री फ्लोअरच्या मधोमध काचेच्या पार्टिशनमागे, कारण "सोशल हब", आणि एक्झॉस्ट नावाला. दुपारी मायक्रोवेव्हमध्ये कुणाचा सुकट घातलेला डबा, कुणाची मेथी, कुणाचे नूडल्स, आणि हे सगळं एसीच्या रिटर्न एअरमधून फिरून परत सगळ्यांच्या डोक्यावर. मला सुकट आवडते, मुद्दा तो नाही. पॅन्ट्रीचा एक्झॉस्ट वेगळा, थेट बाहेर, आणि आतला दाब फ्लोअरपेक्षा थोडा कमी, म्हणजे हवा आत ओढली जाते, बाहेर येत नाही, एवढं एचव्हीएसीवाल्याला, म्हणजे एसी-हवेचं काम करणाऱ्याला, सांगितलं की तो करतो. सांगावं लागतं. दुसरं म्हणजे हाउसकीपिंग. अकरा वाजता सगळे बसलेले असताना लिंबाच्या वासाच्या फ्लोअर क्लीनरने पुसायचं, मग त्यावर रूम फ्रेशनरचा फवारा. ते काम सकाळी साडेसातला करा आणि बिनवासाचं लिक्विड घ्या, झालं. वॉशरूममधले हात वाळवायचे मशीन तर मला स्वतःलाच नको वाटतात. कॅनडातल्या नोरा कीगन या शाळकरी मुलीने ते मुलांच्या कानाच्या उंचीवर मोजले होते, काही १०० डेसिबलच्या वर निघाले, २०१९ मध्ये तो पेपर बालरोगाच्या जर्नलमध्ये छापूनही आला. टिश्यू ठेवा राव.

मागून लोक जाणं, हे त्या मुलीने सांगितलेलं, ते मी आता प्रत्येक लेआउटमध्ये बघते. पाठ रस्त्याला असलेली सीट म्हणजे दर मिनिटाला मान वळणार. सगळ्यांना भिंतीकडची सीट देता येत नाही, कबूल, पण उंच पाठीचं स्टोरेज, झाडांची रांग, मुख्य पॅसेज बेच्या मधून न काढता कडेने काढणं, यातून बरंच होतं. आणि हॉट डेस्किंग! रोज सकाळी अॅपवर नवीन सीट शोधायची, नवीन शेजारी, नवीन उजेड, खुर्ची परत सेट करा. ज्याला दिवस अंदाजाने चालायला हवा असतो त्याच्या दिवसाची सुरुवातच लॉटरीने. काही सीट कायमच्या ठेवा, कारण न विचारता. उलट ज्यांना हालचाल लागते त्यांच्यासाठी उभं राहून काम करायची टेबलं, चालायला एक पॅसेज, एखादा झोपाळासुद्धा (एका क्लायंटने खरंच लावला, सगळ्यात जास्त वापरतात ते सीनियर लोक).

हे सगळं मी काही माझ्या मनचं सांगत नाहीये. ब्रिटनच्या बीएसआय या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने ऑक्टोबर २०२२ मध्ये पीएएस ६४६३ नावाची गाइड काढली, इमारती आणि न्यूरोडायव्हर्सिटी याच विषयावर, फुकट डाउनलोड होते, आणि उजेड-आवाज-नक्षी-वास-रस्ता सापडणं सगळं त्यात आहे. आपल्याकडे कंपन्यांना हा विषय नवीन आहे असंही नाही, एसएपी या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीने २०१३ मध्ये ऑटिस्टिक लोकांना नोकरी द्यायचा मोठा कार्यक्रम जाहीर केला त्याआधीच त्यांच्या भारतातल्या लॅबमध्ये काही जण टेस्टिंगला लागलेले होते.

मग अडतं कुठे? सर्टिफिकेटवर. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, ऑटिझम आहे, स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी (डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणी) आहे, एडीएचडीचं नाव नाहीये. आरक्षणासारखे फायदे हवेत तर किमान ४० टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट. तिशीतल्या, इंजिनिअर झालेल्या, नीट बोलणाऱ्या माणसाने ऑटिझमचं सर्टिफिकेट काढायला सरकारी हॉस्पिटलात जायचं म्हणजे काय दिव्य असतं ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. घरचे आधी म्हणतात लग्न होऊ दे मग बघू. आणि अप्रेझलच्या वर्षात कोण सांगणार? मात्र एक गोष्ट एचआरवाल्यांना माहीत नसते ती अशी की सुप्रीम कोर्टाने ११ फेब्रुवारी २०२१ च्या विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या निकालात स्पष्ट म्हटलंय की वाजवी सोय, म्हणजे गरजेप्रमाणे करून दिलेला बदल, मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येत नाही. तिथे प्रश्न परीक्षेत लेखनिक मिळायचा होता, पण तत्त्व मोठं आहे. आणि याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समान संधी धोरण खासगी कंपनीलाही करावं लागतं. मी मीटिंगमध्ये हे सांगितलं की जरा शांतता पसरते, मग लीगलला मेल जातो.

म्हणूनच माझा सगळा जोर बेसिक फ्लोअर सुधारण्यावर आहे. छत सगळ्यांना, डेस्कचा दिवा सगळ्यांना, शांत झोन सगळ्यांना, कुणी का बसलाय ते विचारायचं नाही. मायग्रेनवाले बसतील, नुकतं बाळ झालेली बसेल, ज्याची रात्र शिफ्ट झालीये तो बसेल, आणि त्यांच्यातच ज्याला सांगायचं नाहीये तोही बसेल.

गणपतीचा विषय काढल्याशिवाय पुण्यातली पोस्ट पूर्ण होत नाही. ऑफिसच्या अॅट्रिअममध्ये ढोल-ताशा पथक बोलवायची पद्धत पडलीये, काचेच्या सहा मजली डब्यात पन्नास ढोल, छातीत धडधडतं. मी स्वतः पथकात वाजवलंय, मला कुणी ढोल शिकवू नका, पण ढोल रस्त्यावरचा असतो हो, त्याला आकाश लागतं. बंद अॅट्रिअममध्ये तो अत्याचार आहे. पार्किंगच्या मोकळ्या जागेत घ्या, तारीख-वेळ आठवडाभर आधी मेल करा, त्या दिवशी वर्क फ्रॉम होम कुणालाही, कारण न विचारता. एका ठिकाणी हे ऐकलं, तर त्या दिवशी घरून काम करणाऱ्यांची यादी बघून अॅडमिनवाले सर म्हणाले, "मॅडम, यातले निम्मे तर माझे मॅनेजर आहेत." फायर ड्रिलचंही तेच, खऱ्या आगीची वेळ सांगता येत नाही, ड्रिलची येते.

आता तुम्ही डिझायनर नाही, एचआर नाही, नुसते त्या फ्लोअरवर बसता आणि त्रास होतोय, तर काय करायचं? निदान सांगायचं असेल तर जरूर सांगा, तो तुमचा हक्क आहे. सांगायचं नसेल तर फॅसिलिटीच्या पोर्टलवर तिकीट टाका, मेडिकलचं नाही, मेंटेनन्सचं. "अमुक सीटच्या वरच्या दिव्याचा फ्लिकर, व्हिडिओ जोडलाय." "पॅन्ट्रीचा एक्झॉस्ट ओढत नाही, वास बेपर्यंत येतो." "हँड ड्रायरचा आवाज बाहेरच्या डेस्कपर्यंत येतो." माणसाच्या त्रासाला वेलनेसचा वेबिनार मिळतो, मेंटेनन्सच्या तिकिटाला टीएटी, म्हणजे काम संपवायची मुदत, असतो आणि तो चुकला की व्हेंडरचे पैसे कापले जातात. चारजणांनी मिळून टाकली तर अजून लवकर बंद होतात.